मी अजून आतून जांभळा आहे

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, असं सांगून सुरुवात करायला हवी. पण खरं सांगतो, मी जुना नाही, नुसता तसा दिसतो. सोलापुरात होटगीच्या बाजूला नवी वसाहत झाली आहे. तिथल्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटाचा मी दरवाजा. गॅसच्या उजव्या हाताला मी आणि माझ्या पलीकडे माझी तीन भावंडं. मीठ, साखर, शेंगाचटणी आणि काळं तिखट आमच्या पोटात असतं.

आज मी तुमच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आलो आहे. मला तोंड नाही, आणि ज्यांना तोंड आहे ती माणसं या घरात नेमकं बोलायला हवं तेवढंच बोलत नाहीत. त्यापायी एका म्हातारीच्या हातची भाकरी जायची वेळ आली होती. पुन्हा येईल, म्हणून माझा जीव टांगणीला लागला आहे.

माझा जन्म इथला नव्हे. समुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेत, गयाना नावाचा देश आहे. तिथल्या दाट जंगलात मी एका उंच झाडाच्या पोटात होतो. आमच्या जातीचं एक नवल आहे. आमचा गाभा कापला की आधी मळकट दिसतो, आणि वारा लागला की हळूहळू पिकल्या जांभळासारखा होतो. तो रंग कुणी लावलेला नसतो, अंगचाच असतो. पण आम्ही सतत उन्हात राहिलो की तो मरतो आणि आम्ही चारचौघांसारखे तपकिरी होतो. आम्हा लाकडांना हे ठाऊक असतं. विकणारे मात्र ते सांगायच्या भानगडीत पडत नाहीत.

आमचं झाड पडलं, ओंडके झाले, ओंडक्यांच्या फळ्या झाल्या. जहाज, बंदर, ट्रक असं करत मी सोलापुरातल्या एका वखारीत येऊन पडलो. तिथे सगळा मान सागवानाला. गिऱ्हाईक आत पाऊल टाकायचं ते 'सागवान हाय का?' असं विचारतच. मी कोपऱ्यात उभा. कुणी माझ्याकडे पाहिलंच तर हसायचं आणि हे लाकूड हाय का वांगं, असं विचारून पुढे जायचं.

एके दिवशी बसू आपल्या आईला घेऊन वखारीत आला. बसूचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याची बायको शिवानी शाळेत शिकवते. वडील गेल्यावर बसूने आईला, म्हणजे नागव्वांना, मंद्रूपहून शहरात आणलं होतं. घराचं बांधकाम संपत आलं होतं आणि स्वयंपाकघरातली कपाटं तेवढी राहिली होती. बसूच्या आवडीने घरात सगळीकडे बदामी रंग आलेला. भिंती बदामी, फरशा बदामी, ओट्याचा दगडसुद्धा त्याच वळणाचा.

वखारवाल्याने नमुन्याच्या फळ्या ओळीने मांडल्या. नागव्वा एकेका फळीवरून हात फिरवत पुढे गेल्या आणि म्हणाल्या, सगळं सारखंच की. बसूला वाटलं, आईला काही पसंत पडत नाही. मला मात्र त्यांचे डोळे समोरून दिसत होते. त्यांना त्या फळ्या खरोखरच सारख्या दिसत होत्या. मग त्यांनी मान वळवली आणि लांबूनच विचारलं, "ते जांभळं हाय न्हवं?"

त्या सरळ माझ्याकडे आल्या. चाचपडल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी मला धरलं आणि मग काही केल्या सोडेनात.

जांभळं किचन कोण करतं अव्वा, लोक हसतील की, असं बसू म्हणाला. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळं घर तुझ्या मनासारखं बदामी केलंस. मी एक शब्द बोलले न्हाय. एवढं एक माझ्या मनासारखं कर." कारण विचारलं तेव्हा आपल्या आईच्या जांभळ्या इरकली लुगड्याची आठवण झाली म्हणाल्या. ते कारण खोटं होतं. खरं कारण मला त्या डोळ्यांतच दिसलं होतं. बाई, मला घेऊ नका, मी टिकायचा नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण फळी ओरडणार कशी? सौदा ठरला.

सुतारकाम शाकीरकडे आलं. त्याने जन्मात असलं लाकूड कापलं नव्हतं. "ये लकडी नई, लोहा है," असं म्हणत तो करवतीची पाती बदलत राहिला. माझा जांभळा भुसा त्याच्या दाढीत बसायचा आणि घरी जाताना गल्लीतली पोरं त्याला, चाचा, रंगपंचमी आताच कशी, म्हणून विचारायची. पण काम त्याने झकास केलं. माझ्या कडा अशा घासल्या की बोट फिरवावं तर घसरावं. मग वरून काचेसारखं पॉलिश दिलं आणि आम्हा चौघांना कपाटांवर चढवलं. समोर पश्चिमेची मोठी खिडकी होती. उजेड भरपूर येतो म्हणून बसूने ती मुद्दाम ठेवून घेतली होती. दुपारचं ऊन तिथून थेट माझ्यावर येणार होतं.

नव्या स्वयंपाकघरात दूध उतू घातलं त्या दिवशी नागव्वांनी अंघोळ आणि लिंगपूजा आटोपून आमच्यापैकी प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं ओढली. शेजारच्या कमरबी आल्या, त्यांनी बोट ओलं करून माझ्या अंगावर घासलं आणि बोट कोरं निघाल्यावर तोंडाचा आ केला. त्यांना तो रंगच वाटला होता. सगळी वसाहत मला बघून गेली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नागव्वा सकाळी स्वयंपाकघरात एकट्याच असत. तेव्हा त्या माझ्याशी बोलत. मंद्रूपला डोळे तपासायचं शिबिर झालं होतं. साखरेच्या दुखण्याने डोळ्याचा पडदा खराब झालाय, गेलेलं परत यायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. फिकं सगळं एकमेकांत मिसळून जायचं, गडद रंग तेवढा कळायचा. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या सासूचे डोळे असेच गेले होते. त्या दिवसापासून तिला बाजेवर बसवलं आणि पुढे कुणी तिला मिठाचं प्रमाणसुद्धा विचारलं नाही. नागव्वांनीही विचारलं नव्हतं.

"तू दिसतोस तवर हितली भाकरी माझी," असं त्या एकदा मला म्हणाल्या.

मित्रांनो, त्या अख्खं स्वयंपाकघर माझ्यावरून ओळखत. जांभळ्याच्या डावीकडे गॅस, पहिल्या जांभळ्यात मीठ, दुसऱ्यात साखर. ज्वारीचं पीठ मळून त्या भाकरी थापू लागल्या की हाताची लय अशी लागायची की बाहेरच्या वाटेवरून जाणारा माणूस थबकायचा. तव्यावरची भाकरी टम्म फुगायची. उरलेल्या कडक करून डब्यात भरल्या जायच्या आणि शिवानी त्या शाळेतल्या बायकांना कौतुकाने वाटायची. सासूबाईंचा तिला अभिमान होता. वाईट कुणीच नव्हतं या घरात, आणि तेच तर मला सहन होत नाही.

सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपार कलली की ते खिडकीतून सरळ माझ्या तोंडावर यायचं आणि मावळेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी मळलो. दुसऱ्या उन्हाळ्यात माझा चेहरा फिकट तपकिरी झाला. कमरबी एकदा बघून म्हणाल्या, "दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं." त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते फार लागलं. मी फसवायला आलो नव्हतो हो.

एका सकाळी नागव्वांचा हात मिठासाठी आला आणि माझ्याऐवजी शेजारच्या भिंतीवरच्या बदामी फरशीवर पडला. तो तिथेच चाचपडत राहिला. मी बदामी भिंतीत बुडून गेलो होतो. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग बोटांना माझी कड लागली, त्यांनी मला उघडलं, आणि माझी आतली बाजू त्यांच्याकडे वळली. आत ऊन कधी आलंच नव्हतं. आतून मी तसाच होतो, वखारीतल्या पहिल्या दिवसासारखा.

त्या दिवसापासून त्या स्वयंपाकाला लागल्या की आधी आमची चारही दारं सताड उघडी टाकत. उघडं दार म्हणजे त्यांना दिसणारा जांभळा चौकोन. त्यांचा कारभार पुन्हा सुरू झाला.

पण घरातल्यांनी याचा अर्थ काय लावला? अव्वा विसरायला लागल्या. शिवानी येता-जाता दारं लावायची. नागव्वा पुन्हा उघडायच्या. अव्वा, दार लावत जा की, असं बसू रोज सांगायचा आणि त्या रोज व्हय म्हणायच्या. एकदा तो पाणी पिऊन वळला आणि माझा कोपरा त्याच्या कपाळात घुसला. रक्त आलं. मग मात्र शिवानीने हट्टच धरला. नागव्वा ओट्यापाशी असल्या की ती मागे उभी राहायची आणि एकेक दार मिटायची. अत्ती, तुमच्याच डोक्याला लागंल, असं म्हणायची. सासूला ती अत्ती म्हणते. तिच्या बोलण्यात माया होती. आणि दर मिटणाऱ्या दाराबरोबर एका बाईचा उजेड जात होता. माझ्या बिजागऱ्या करकरायच्या. मला जेवढं अडून बसता येईल तेवढं मी बसायचो. शिवानीने त्यांत तेल घातलं.

व्हायचं ते झालं. चारही दारं मिटलेली असताना नागव्वांनी ओट्याची कड समजून जळत्या शेगडीवर तळवा ठेवला.

दवाखान्यातून आल्यावर बसूने त्यांना बैठकीतल्या खुर्चीत बसवलं. तो म्हणाला, "अव्वा, आता बस झालं. तू आत यायचं न्हाय." नागव्वा फक्त बरं म्हणाल्या. स्वयंपाकाला बाई ठरली. कपाटांना कुलपं लावायचंही ठरलं, म्हणजे मीठमसाला हाताला लागणार नाही आणि अव्वा कुणी नसताना गॅसपाशी जाणार नाहीत. त्या बाईच्या भाकऱ्या गोल होत्या, पण नागव्वा दूधच पिऊन झोपायच्या. त्या खुर्चीतून स्वयंपाकघराचं दार समोर दिसतं. त्या दिवसभर तिकडे तोंड करून बसायच्या. मी बंद, त्या बंद. मधे दहा पावलांची फरशी.

कुलपं लावायला पुन्हा शाकीरच आला. भोक पाडायला सोपं जावं म्हणून त्याने मला आधी उतरवलं आणि ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलं. कसं ते माझं नशीब, पण माझी आतली बाजू बाहेर आली.

खुर्चीतून आवाज आला, "ते जांभळं कुणी आणलं?"

शिवानी शाकीरला कुलपं देत होती. तिने वळून सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नागव्वांचं बोट नेमकं माझ्यावर होतं. ती हळूच म्हणाली, "अत्ती, तुमाला हे दिसतंय?"

"दिसतंय की."

"आनि ही बाकीची तीन दारं?"

नागव्वांनी डोळे बारीक केले. बदामी भिंतीवर तीन तपकिरी दारं त्यांच्या समोरच होती.

"कुटली?" त्या म्हणाल्या.

शिवानीच्या हातातली कुलपं खाली पडली. तिने धावत जाऊन ती तिन्ही दारं उघडली, जशी नागव्वा रोज उघडत तशी, आणि एकेका जांभळ्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग तोंडावर पदर धरून रडायला लागली. बसू येऊन आईच्या पायाशी बसला. हे कधीपासून, असं त्याने विचारलं. तुझं घर बांधायच्या आधीपासून, असं त्या म्हणाल्या. सांगितलं का न्हाईस, असं त्याने विचारलं.

"तू मला खुर्चीत बसवलं असतंस," त्या म्हणाल्या.

बसूने त्या खुर्चीकडे पाहिलं. 

कुलपं त्याच दिवशी परत गेली. शिवानीने शाकीरला आम्हा चौघांनाही उलटं बसवायला सांगितलं, आतली बाजू बाहेर. बिजागऱ्यांची जुनी भोकं समोर दिसतील, वाईट दिसेल, असं शाकीर म्हणाला. दिसू दे, असं शिवानी म्हणाली. आता माझ्या तोंडावर देवीचे वण आल्यासारखी भोकं आहेत आणि मला त्यांचं काही वाटत नाही. तळवा बरा झाल्यावर नागव्वा अंघोळ आणि लिंगपूजा आटोपून आल्या. दारातून सरळ माझ्यापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला आणि न चाचपडता माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला हाक मारली नसती. पण ती खिडकी अजून तिथेच आहे. शिवानीने पडदा लावला आहे, तरी कडेने ऊन आत येतंच. माझी ही दुसरी बाजूसुद्धा मळायला लागली आहे. तिसरी बाजू माझ्याकडे नाही. काल नागव्वांचा हात माझ्यापाशी येऊन क्षणभर थांबला. घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आणि याही वेळी त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला वाचवायचा उपाय अगदी साधा आहे, पण तो या घरात कुणालाच माहीत नाही. माझा रंग वरवर मेला आहे, खाली तो जिवंत आहे. तुम्ही कधी आमच्या वसाहतीत आलात तर शिवानीला एवढा निरोप द्या. म्हणावं, पॉलिश पेपर घे आणि दरवाजा घास. पुन्हा मळला की पुन्हा घास. मी दर वेळी थोडा पातळ होईन. होऊ दे. नागव्वांना दिसतं आहे तोवर मी कागदाएवढा उरलो तरी चालेल.

आणि तुमच्या घरी कुणा म्हातारीने एखादं दार रोज उघडं टाकलं, तर ते लगेच लावू नका. तिच्याजवळ बसा आणि ते उघडं का लागतं, ते तिला विचारा. जरा लवकर विचारा.