लिंबाचा डहाळा

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या चाळीत टँकर एक दिवसाआड यायचा. घागरी रांगेला लावून बाया म्हणायच्या, "जिल्हा आला, कलेक्टर आला, पाणी तेवढं यायचं राहिलं." मी रेवूला कडेवर घेऊन उभी असायचे. ती नुकतीच वर्षाची झाली होती. गर्दीत कोण खोकतंय, कुणाच्या लेकराचं नाक वाहतंय, यावरच माझी नजर. समोरच्या सरजाबाई चिडवायच्या, "विनीताबाई, लेकराला काचंच्या बरणीत ठिवा की."

सरजाबाईंचा मुलगा साहेबराव माझ्या नवऱ्याच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. ते भोकरकडचे, बौद्ध. आम्ही नांदेडचे ब्राह्मण. मार्तंड शाळेत मराठी शिकवायचे. दोघांचा चहा रोज आमच्या ओट्यावर व्हायचा, आणि विषयही ठरलेला: धर्म आणि विज्ञान एका घरात नांदतात का. साहेबराव म्हणायचे, नाही नांदत. त्यांचं वाक्य संपायच्या आत मार्तंड मान डोलवायचे. आपण जुन्यातले नाही, हे त्यांना साहेबरावांपुढे रोज नव्यानं दाखवावं लागायचं. आमच्या घरात कप वेगळे नव्हते. सासूबाई नांदेडहून आल्या की ते कप दोनदा विसळायला सांगायच्या, एवढंच. मी ते मार्तंडांना सांगत नसे.

वैशाखात साहेबरावांच्या लेकीला, सुजाताला, गोवर निघाला. सरजाबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद केली आणि उंबऱ्यातूनच हाळी दिली, "पोरीच्या अंगात आई आल्यात. लेकरंबाळं घिऊन कुनी हिकडं यिऊ नका."

मला हायसं वाटलं. गोवराची लस तेव्हा आमच्याकडं आलेली नव्हती. देवी म्हणा, जंतू म्हणा, मला त्या दाराला खूण हवी होती.

संध्याकाळी साहेबराव बाजारातून आले आणि त्यांनी डहाळा ओढून काढला.

"माय, देवी सोडल्या ना आपण? दीक्षा घेतली तेव्हा बापानं सगळे देव विहिरीत टाकले."

"देवी सोडल्या रे. रोगानं आपल्याला सोडलं का?"

"रोगाला औषध असतंय. डॉक्टरला घेऊन येतो."

"डॉक्टर न्हाई. सुई टोचली की आई कोपत्यात."

"कोपू दे," साहेबराव म्हणाले. मग आम्ही सगळे आपापल्या दारात उभं राहून बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. आवाज खाली आणून ते आईला म्हणाले, "लहानपणी गावात आपल्या घराला वळसा घालून जायचे लोक. खूण लागत नव्हती त्यांना. आता मी माझ्या हातानं खूण बांधू?"

सरजाबाई आत गेल्या. मीही आत आले. ही खूण तशी नाही, सर, हिचा अर्थ वेगळा आहे, असं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पण आमच्या दारातून ते कसं ऐकू गेलं असतं?

डॉक्टर आला, औषध झालं, सुजाताचा ताप उतरू लागला. त्यात साहेबरावच बरोबर होते. दुसऱ्याच दिवशी बुद्धपौर्णिमा होती. त्यांची बायको पंचशीला बोलावणं घेऊन आली.

"वहिनी, सांजच्याला खिरीला या. सर म्हणाले, सगळ्यांनी या." मग तिनं रेवूकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

ती काय म्हणाली ते मला पुरतं कळलं. मी मार्तंडांना म्हटलं, "तुम्ही जाऊन या. मी रेवूला घेऊन घरी थांबते."

"अन् काय सांगू त्यांना? गोवर आहे म्हणून आली नाही?"

"मग? तेच खरंय."

"खरं असून काय उपयोग? आपल्या लोकांनी आजवर हजार कारणं सांगितली त्यांना. त्यात हे आणखी एक."

"नको हो. चार-आठ दिवसांनी जाऊ. नको."

त्यांनी रेवूला माझ्या कडेवरून घेतलं आणि अंगण ओलांडलं. साहेबरावांनी दोन्ही हात पुढं करून तिला घेतलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. आतून सरजाबाई ओरडल्या, "मास्तर, लेकराला कशाला आणलंस रं?" त्यावर दोघंही मास्तर हसले. रेवूच्या ओठांना खीर लागली होती. सुजाताच्या खाटेवर बसून ती टाळ्या वाजवत होती. मी आमच्या दारातून बघत राहिले.

पंधरवड्यानं रेवूला ताप भरला, मग कानामागून पुरळ उठलं. तेव्हा माझ्या सासूबाई, प्रेमलाबाई, आमच्याकडंच होत्या. आता आमच्या दाराला डहाळा लागला. खिडकीवर चादर आली. सासूबाईंनी बजावलं, औषध नाही, डोळ्यांना हात लावायचा नाही, न्हाणं होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही.

मला वाटलं, मार्तंड ऐकणार नाहीत. ओट्यावर इतकं बोलणारा माणूस.

"दोन दिवस थांबू," ते म्हणाले. "तिकडं नेलं म्हणून आई मला एक शब्द बोललेली नाही. आता निदान हे तरी तिचं ऐकू."

मित्राचं मन राखायला त्यांनी लेकराला बाहेर नेलं होतं, आणि आता आईचं मन राखायला घरात ठेवत होते. रेवू डोळे उघडेना. पापण्या चिकटलेल्या.

साहेबराव धावत आले आणि डहाळा बघून अंगणातच थांबले. "मार्तंडराव, डोळे बघा तिचे. दुष्काळात लेकरांच्या पोटात पालेभाजी नाही, दूध नाही. असल्या गोवरात डोळे जातात. मी रिक्षा आणतो, आत्ता नेऊ."

सासूबाई उंबऱ्यावर आल्या. "बाहेरच्यांनी येऊ नये या दिवसांत."

त्या हे कुणालाही म्हणाल्या असत्या. आदल्याच दिवशी सख्ख्या बहिणीला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. पण साहेबराव ते कसं ऐकणार होते, मला माहीत होतं. त्यांनी डहाळ्याकडं पाहिलं, मग मार्तंडांकडं पाहिलं. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. तो आईला भीत होता, आणि साहेबरावांना दिसलं ते भलतंच.

"बरंय," म्हणाले साहेबराव, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवरची चादर काढली. कोमट पाण्याच्या बोळ्यानं पापण्या सोडवल्या. डाव्या डोळ्याचं बुबुळ दुधासारखं दिसलं. मी कुणाला न विचारता रेवूला पदरात गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, "कालच्याला आणली असती तर." उजवा डोळा वाचला. डाव्यात फूल पडलं.

शाळा सुरू व्हायच्या आत साहेबरावांनी धर्माबादला बदली मागून घेतली. जायच्या दिवशी पंचशीला आली, रेवूच्या डोक्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. सरजाबाई टेम्पोत बसून पदरानं तोंड पुसत होत्या. साहेबराव सामान बांधत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. आपण पोरीला बोलावलं म्हणून हे झालं असं त्यांना वाटत होतं, की या घरानं आपल्याला दारात उभं केलं असं, मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. मार्तंड घरातच बसून राहिले. मी अंगणात उतरले, पण टेम्पोपर्यंत पोचायच्या आतच तो निघाला.

रेवू आता तीन वर्षांची होईल. घरात कुणी पाहुणं आलं आणि तिच्या डोळ्याकडं बघितलं की विषय निघतोच. सासूबाई म्हणतात, "आई घरात असताना खीर खायला नेलं. कोप झाला दुसरं काय?" मार्तंड म्हणतात, "कसला कोप? जीवनसत्त्व कमी पडलं तिला. विज्ञानात सरळ उत्तर आहे त्याचं." मग आवाज चढतात. पाहुणे आळीपाळीनं दोघांपुढं मान डोलवतात. चहा निवतो.

रेवू मधे जमिनीवर बसलेली असते. आजी बोलते तेव्हा ती अख्खी मान आजीकडं वळवते, बाप बोलतो तेव्हा बापाकडं. डावीकडचं माणूस तिला एवढं वळल्याशिवाय दिसत नाही. मी जाऊन तिच्या डाव्या बाजूला बसते.