हडसन उपसागराची जमीन

उदगीरपासून दोन कोसांवरच्या आमच्या शाळेत जगाचा एक नकाशा होता, आणि त्यात मी पोरांना सगळ्यात जास्त दाखवायचो तो हडसनचा उपसागर. पार उत्तरेला, निळ्या पिशवीसारखा लोंबणारा. आमच्याकडं दुष्काळाचं तिसरं वर्ष, आडात बादली नुसती खडखडायची. अशा दिवसांत आठ-आठ महिने गोठणाऱ्या पाण्याबद्दल सांगताना मला उगाच त्याचा मालक असल्यासारखं वाटायचं. तिथल्या हवामानाचे आकडे मला तोंडपाठ होते. त्या पाठांतराची आता चीड येते.

नागम्माक्काचा सिद्धलिंग माझ्याच वर्गात शिकला. पुढं जहाजावर खलाशी झाला आणि गहू भरायला नेमका त्याच उपसागराच्या बंदरात पोचला. तिथं निमोनिया झाला. पाणी गोठायच्या आत जहाज निघून गेलं, हा दवाखान्यात राहिला आणि जानेवारीत वारला.

दवाखान्याचं पत्र फेब्रुवारीत आलं. पत्त्यावर अजून जिल्हा उस्मानाबादच होता. लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली तरी सिद्धलिंगच्या कागदांना ते ठाऊक नव्हतं. इंग्रजी म्हणून अक्का ते माझ्याकडं घेऊन आली. मीच वाचून दाखवलं. जमीन गोठली आहे, खणता येत नाही, बर्फ वितळेपर्यंत देह थंड खोलीत ठेवू, मग पुरू, असं लिहिलं होतं.

बराच वेळ रडल्यावर तिनं विचारलं, "आडवं करून पुरत्यात का तिकडं?"

"हाव. पेटीत."

"न्हाई गुरुजी. माझ्या लेकराला बसवून पुराय सांगा. कपाळाला इबूत लावा म्हणावं, अन् हातावर त्याचं लिंग ठिवा म्हणावं. गळ्यातच असंल, त्यो कवाच काढत न्हवता. येवढं लिहा. मला दुसरं काय बी नगं."

आम्हा लिंगायतांत मेलेल्याला मांडी घालून बसवतात आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात. त्याशिवाय माणूस धड गेला असं कुणी मानत नाही.

"लिहितो," मी म्हणालो. "घाई न्हाई, अक्का. तिथली जमीन जूनशिवाय मऊ व्हत न्हाई. पुस्तकात हाय."

मग माझी हुशारी सुरू झाली. चार ओळी लिहून टाकायचं सोडून मला ते पत्र बिनचूक करायचं होतं. मठातल्या स्वामींकडून विधी लिहून आणला, लातूरच्या एका प्राध्यापकांकडून इंग्रजी तपासून घेतलं, बसवलेल्या देहाचं चित्र काढलं. मध्ये परीक्षा आल्या. अक्का दर सोमवारी यायची. "गेलं का पत्तर?" "जूनपस्तोर येळ हाय." ती मान हलवून परत जायची. पत्र टपालपेटीत पडलं ते एप्रिलच्या शेवटी.

पुस्तकातला आठशे मिलिमीटर पाऊस ज्या गावात तीन वर्षं फिरकला नाही, त्या गावचा मी. सरासरीवर भरवसा ठेवायचाच तर दुसऱ्या कुणी ठेवावा. पण इथलं पुस्तक खोटं पडलं तरी तिथलं खरं असेल, असं मी धरून चाललो. गाढव.

जूनमध्ये पार्सल आलं. सोबत पत्र होतं. यंदा बर्फ महिनाभर आधीच वितळलं, दफन आठ मे रोजी झालं, तुमचं पत्र त्यानंतर मिळालं, वाईट वाटतं.

अक्कानं शाळेच्या ओट्यावर पार्सलची दोरी सोडली. स्वेटर, घड्याळ, कंगवा. तळाशी चांदीची छोटी डबी. तिनं झाकण उघडलं. आत सिद्धलिंगचं लिंग होतं.

"हातात दिलंच न्हाई?"

"दवाखान्यातच काढून ठिवलं असंल, अक्का."

"अन् तुमचं पत्तर?"

खोटं बोलता आलं असतं. "उशिरा पोचलं," मी म्हणालो.

तिनं मला एक शिवी तरी द्यायला हवी होती. दिली नाही. डबी पदरात बांधून ती रानाकडं निघाली, मी पहार घेऊन मागं. रानात पुरलेल्या नवऱ्याच्या शेजारी निदान ते लिंग तरी पुरायचं तिनं ठरवलं होतं. पहार मारली की ठणकन उसळायची. तासाभरात वीतभरही खड्डा झाला नाही, माझ्या तळहाताचं कातडं तेवढं सोललं.

अक्का बांधावर बसून बघत होती.

"ही जमीन कवा मऊ व्हईल, गुरुजी?"

टोमणा नव्हता तो. मला ते ठाऊक असेल, असं तिला अजूनही वाटत होतं.