चार बोल्ट

हाजराला बोल्ट सापडले ते तिच्या दिराच्या, अझीमच्या, हत्यारांच्या पिशवीत. चारही बोल्ट, चार-चार इंच लांब, सोबत रुंद वॉशर, तिने दुकानातून आणले होते तसेच कागदात गुंडाळलेले. आणि अझीम तर काल सांगून गेला होता की होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नवा खुंटा पक्का बसला.

नांगराचा दोर ज्या खुंट्याला बांधतात तो वरून नुसता बसवून भागत नाही. बोल्ट आरपार जायला हवेत आणि खालून जाड लाकडी ठोकळा हवा. मग लाटेचा हिसका एकेका भोकावर न येता सगळ्या ठोकळ्यावर पसरतो. हे हाजराला कुणी शिकवायची गरज नव्हती. मागच्या हंगामात जुना खुंटा उपटला तेव्हा दोराच्या विळख्यात तिच्या नवऱ्याची, नासिरची, दोन बोटं गेली होती. परवा मासेमारीची बंदी उठत होती आणि नासिरच्या जागी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा कैफ नाळेवर उभा राहणार होता.

ती बोल्ट मुठीत घेऊन खाडीवर गेली. अझीम, नासिरचा धाकटा भाऊ, कुवेतला जहाजांच्या कारखान्यात फिटर होता, महिन्याच्या सुट्टीवर आला होता. होडी वाळूवर होती, मागून माडाला बांधलेली, आणि तो तिला रंग देत होता. हाजराने त्याला काही विचारलं नाही. खुंट्याला दोर बांधला, दुसरं टोक होड्या वर ओढायच्या कप्पीला अडकवलं आणि त्याला साखळी ओढायला सांगितली. तो हसला. म्हणाला, भाबी, आमच्या कंपनीत पण एवढी तपासणी नसते. तिने पुन्हा सांगितलं, ओढ.

तिसऱ्या ओढीला खुंटा सुटला. सोबत होडीच्या फायबरचा लांब तुकडा निघून आला. बोल्टांच्या जागी दीड-दीड इंचाचे स्क्रू होते, आणि त्यांची डोकी दिसू नयेत म्हणून वर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरून रंग दिलेला.

हाजराने मुठीतले बोल्ट त्याच्या पायाशी टाकले. त्याने साखळी सोडली. मग हळूहळू सांगितलं की होडी नवी होती तेव्हा अब्बांनी दर्ग्यावरची हिरवी चादर होडीची राखण म्हणून बरोबर त्या जागेखाली, आतून, फायबरच्या थरात बसवली होती. बोल्ट घातले असते तर तिच्यातून गेले असते. ड्रिल हातात घेतलं, पण पुढे हात चालला नाही.

"भ्यालास, ते मला कळतं," हाजरा म्हणाली. "मला येऊन सांगितलं असतंस, तर मी काढली असती. पण तू वरून लांबी फासलीस, अझीम. लांबी."

"अब्बांच्या हातची होती ती, भाबी."

"आणि कैफ त्यांचाच नातू ना?"



नाळेखालच्या झाकणातून अझीमचं कुवेतचं पोट आत जाईना, म्हणून हाजराच आत शिरली. पटाशीने थर सोडवत तिने चादर जपून काढली. एक कोपरा निघाला नाही, तो तिथेच राहिला. चादर तिने आपल्या ओढणीत गुंडाळून वर दिली. अझीमने ती दोन्ही हातांनी घेतली आणि घरी नासिरकडे नेऊन ठेवली.

फाटलेली जागा भरून सुकेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मग वरून अझीम ड्रिल चालवत होता आणि आत हाजरा ठोकळा दाबून धरत होती. फायबरचा भुगा तिच्या डोळ्यांत, तोंडात गेला. एकेक नट तिने दात-ओठ खात आवळला. त्या सगळ्या वेळात ती त्याच्याशी "आता" आणि "थांब" याशिवाय काही बोलली नाही.

पुन्हा कप्पी लावली. दोर ताठ झाला, माड कुरकुरला, खुंटा तसूभर हलला नाही. अझीमने सुटकेचा श्वास टाकून तिच्याकडे पाहिलं.

"कुवेतचं शुक्रवारचं तिकीट पुढे ढकल," हाजरा म्हणाली. "उद्या नाळेवर कैफ नाय, तू उभा राहशील."

तो खुंट्याकडे बघत राहिला. मग त्याने पाना उचलला आणि चारही बोल्ट एकेक करून पुन्हा तपासले. शेवटचा तर दोनदा.

कैफ उभा राहणार होता तेव्हा त्याला लांबी चालली होती. हाजराला या तपासण्याचाच जास्त राग आला.