गुंडाळीच्या शेवटचा हातभर कागद

मित्रांनो, मला पूर्ण उलगडायचं तर दोन माणसं लागतात. एकाने वरचं टोक धरायचं आणि दुसऱ्याने मागे मागे चालत जायचं. मी एक जुनी आर्मेनियन प्रार्थनेची गुंडाळी आहे. रुंदीला वीतभरही नाही, पण लांबीला अख्खी खोली ओलांडते.

माझा जन्म युफ्रेटिस नदीच्या खोऱ्यात, खारपेर्त शहराजवळच्या एका गावात झाला. त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली. गावच्या धर्मगुरूंनी कागदाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवल्या, काळ्या शाईने प्रार्थना लिहिल्या आणि मध्ये मध्ये लाल-निळ्या रंगांत संतांची चित्रं काढली. प्रवासाला निघालेला माणूस मला बरोबर नेई. घरात कुणी आजारी पडलं की मला उशाशी ठेवत. माझा फार मान होता.

१९१५ साली गावावर आभाळ कोसळलं. तुर्की सैनिकांनी आर्मेनियन माणसांना घराबाहेर काढलं आणि वाळवंटाच्या वाटेला लावलं. निघताना एका आईने मला आपल्या मुलीच्या कमरेभोवती, झग्याच्या आतून, घट्ट बांधलं. ती मुलगी म्हणजे अराक्सी. जेमतेम चार-पाच वर्षांची. वाटेत आई गेली. अराक्सी वाचली आणि तिच्यासोबत मीही.

एका अरब कुटुंबाने तिला सांभाळलं. पुढे एक इंग्रज शिक्षिका तिला ब्रिस्टलला घेऊन आली. तिथे ती शिवणकाम शिकली आणि त्यातच तिचा जन्म गेला. आपली भाषा ती विसरली. एकच शब्द उरला, ‘मायरिक’, म्हणजे आई. आईचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. लहान मूल आईला नावाने कुठे हाक मारतं?

मला वाचता येणारं तिथे कुणी नव्हतं. बिस्किटांच्या डब्यात मी पन्नास वर्षं काढली. अराक्सी वर्षातून एकदा झाकण उघडायची, हात फिरवायची, बंद करायची.

१९७१च्या हिवाळ्यात घरातला पाण्याचा पाइप फुटला आणि डबा भरला. मी भिजले, वाळले, आणि माझा खालचा भाग दगडासारखा घट्ट झाला. अराक्सी मला घेऊन वरच्या मजल्यावरच्या रूथकडे गेली.

रूथ मुंबईची, बेने इस्रायली ज्यू. तिचे वडील पुस्तकं बांधायचे. तीही ब्रिस्टलमध्ये एका बाइंडरीत कामाला होती. तिने मला आपल्या साहेबांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. “वरची चित्रं चांगली आहेत. ती कापून फ्रेम करा. खालचा गोळा फेकून द्या.”

संध्याकाळी रूथने नवऱ्याला, एलिशाला, हे सांगितलं. “ते म्हणतात, कट इट ऑफ. पण शेवटी काय लिहिलंय ते कुणी वाचलेलंच नाही रे.”

“आणि काढताना फाटलं तर?”

“तर माझ्या हातून फाटेल. सिनेगॉगमधली तोराची पवित्र गुंडाळी भिजली असती तर आपण कापली असती का?”

शनिवारी त्यांचा शब्बाथ, काम न करण्याचा दिवस, म्हणून रूथ रविवारी बसायची. किचनच्या टेबलावर ओलसर टिपकागदांमध्ये मला ठेवायची आणि कागद मऊ झाला की हाडाच्या पातळ पट्टीने एकेक पदर सोडवायची. कधी बोटभर जमायचं, कधी तेवढंही नाही. एका रविवारी माझ्यातल्या एका संताचं पाऊल फाटून निघालं. रूथच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अराक्सी आंटी, माझी चूक झाली. तुम्ही म्हणत असाल तर थांबते.”

अराक्सी म्हणाली, “पोरी, मी साठ वर्षं थांबलेय. तू नको थांबूस.”

मार्चमध्ये शेवटचा हातभर कागद सुटला. त्यावर चित्र नव्हतं. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या ओळी होत्या. दोघींनी मला लंडनला, केन्सिंग्टनच्या आर्मेनियन चर्चमध्ये नेलं. तिथल्या वृद्ध धर्मगुरूंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. ती एका घरातल्या जन्मांची नोंद होती. पिढ्यान् पिढ्यांची. शेवटची ओळ वाचताना ते थांबले.

“बाई, तुमचं नाव काय म्हणालात?”

“अराक्सी.”

“मग ऐका. ‘हाकोब आणि सिरवार्द यांना आज मुलगी झाली. तिचं नाव अराक्सी. देव तिला मोठं आयुष्य देवो.’ सिरवार्द तुमची आई. या नावाचा अर्थ, प्रेमाचा गुलाब.”

अराक्सीने रूथचा हात धरला. मग खालची तारीख विचारली, बोटांवर वर्षं मोजली आणि रडता रडता हसली. “रूथ, मी समजत होते त्याहून वर्षाने लहान आहे गं!”

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी पोथी, वही, पत्रांचा गठ्ठा असेल. तो नुसता जपून ठेवू नका. बंद डब्यात आम्ही सुरक्षित असतो, पण मुकेही असतो. आम्हाला उघडा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला शोधा. आणि फाटलं-भिजलं म्हणून कापायची घाई करू नका.

आता अराक्सी महिन्यातून एकदा लंडनला जाते आणि चर्चच्या शाळेत सात-सात वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसून आर्मेनियन लिपीची अडतीस अक्षरं गिरवते. परवा तिने मला रूथच्या टेबलावर उलगडलं. एलिशाने वरचं टोक धरलं होतं. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर जुळवत, अडखळत, कुणाच्याही मदतीशिवाय वाचलं, “सि-र-वार्द.”

मग तिने तेच पुन्हा वाचलं. या वेळी न अडखळता.