समृद्धीचा पहिला बांगडा

सहा वर्षांची समृद्धी जेवायची ती फक्त आजीच्या हातून. आई-वडील आयर्लंडला गेले, तेव्हापासून खांदा कॉलनीतल्या त्या घरात गोदूबाई माशाचा काटा काढायच्या, भात कालवायच्या आणि नातीच्या तोंडात घास द्यायच्या. जन्म मासळी विकण्यात गेलेला. बोटांना काटा आपोआप कळायचा.

आता दीपिका, गोदूबाईंची सून, लेकीला न्यायला आली होती. तिकडच्या इस्पितळात ती नर्स होती. फोनवर रोज दिसणारी आई दारात उभी राहिली तेव्हा समृद्धी आजीच्या पदराआड लपली. दीपिकाने ते हसण्यावारी नेलं, पण सासूला एक विनंती केली. तिकडे शाळेत भरवायला कोणी नसेल, तेवढं हाताने जेवायला शिकवा.

गोदूबाई हो म्हणाल्या आणि बाजारातून पाला मासा घेऊन आल्या. पाला म्हणजे चवीचा राजा, पण अंगभर केसासारखे बारीक काटे. पहिल्याच घासाला समृद्धी रडली, ताट सरकवून आजीच्या मांडीवर बसली. दुसऱ्या दिवशीही पालाच. दीपिका फलटणची, माहेरी शुद्ध शाकाहारी. मासे ओळखणं तिच्या बापजन्मी नव्हतं. तिला वाटलं, शिकवतात ते याच माशापासून.

तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "आई, राहू दे तिला अजून वर्षभर तुमच्याजवळ. मी घाई केली बहुतेक."

गोदूबाईंना हेच तर हवं होतं. पण सून आत जाऊन धुतलेलंच ताट पुन्हा धूत उभी राहिली, आणि ते काही त्यांना बघवेना.

तेवढ्यात उरणहून त्यांचे भाऊ दाजी टोपलीभर मासळी घेऊन आले. ओट्यावरचा पाला बघून त्यांनी बहिणीकडे नजर रोखली.

"गोदू, पोरीला पाल्यावर शिकवतेस? तुला तरी आयनं पाला दिलावता का पयला?"

"गप रं," गोदूबाई पुटपुटल्या. "सगळं कळतंय मला."

त्यांनी दाजींच्या टोपलीतला बांगडा उचलला. दुपारी तळून नातीच्या ताटात ठेवला आणि स्वतःचे हात मागे बांधून बसल्या.

"बाय, पाठीवरनं बोट फिरव. असं. आता शेपटी धर नि मधला काटा वर उचल. दमानं."

काटा अख्खा सुटून आला. समृद्धी त्याच्याकडे बघतच राहिली. मग एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिचं लक्ष शेजारी गेलं. आईच्या ताटात नुसता वरणभात.

"तू का नाय खात?"

"मला काट्यांची भीती वाटते गं."

"येवढी मोठी झालीस तरी?" समृद्धी सरकत सरकत आईला खेटून बसली. दीपिकाच्या ताटात बांगडा वाढायला लावून तिने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "दमानं घ्यायचं. मी तिकडं आले ना, की रोज काढून देईन. तोंड उघड."

दीपिकाने तोंड उघडलं. डोळे गच्च मिटलेले होते, घास गिळला तरी ते तिने लवकर उघडले नाहीत.

दाजी मान खाली घालून जेवत राहिले. गोदूबाईंच्या हातांना आता भरवायचं काम उरलं नव्हतं. त्यांनी ताट ओढलं आणि कितीतरी दिवसांनी सगळ्यांबरोबर गरम भात वाढून घेतला.