फुलचूरचा प्रॉम्प्टर

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला एका राइस मिलच्या वरच्या मजल्यावर 'कापगते कॉल सिस्टिम्स' या कंपनीचं मुख्यालय होतं. दुसरं कुठलंही कार्यालय नसल्यामुळे त्याला मुख्यालय म्हणायला कोणाचीच हरकत नव्हती. खाली मिल सुरू झाली की वरची टेबलं हळूहळू सरकत. सकाळी जो खिडकीशी बसे, तो संध्याकाळी दाराशी पोचलेला असे. बढती म्हणायची तर कंपनीत तेवढीच होती.

मालकीण गुंजन कापगते गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाकडच्या एका गावची. तिच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या तलाव बांधले होते. गुंजनने सॉफ्टवेअर बांधलं. तिच्या बाबांनी, केशोरावांनी, ते नीट समजून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला होता, "यात साचते काय?"

"फोन," गुंजन म्हणाली. "लोक फोन करतात, ते रांगेत साचतात, मंग आमी एकेक सोडतो."

"मंग ठीक आहे," केशोराव म्हणाले. साचणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास होता.

पहिलं गिऱ्हाईक वडशाचं, एका नाटक कंपनीचं बुकिंग ऑफिस. दिवाळी झाली की इकडे झाडीपट्टीत गावोगाव मांडई, म्हणजे जत्रा, भरते, मांडई म्हटली की रात्री नाटक, आणि प्रत्येक गावाला तेच नाटक त्याच रात्री हवं असतं. गुंजनच्या सॉफ्टवेअरने फोन रांगेला लावले आणि कोणाला कोणती तारीख कबूल झाली ते लक्षात ठेवलं. त्या हंगामात एकच नाटक दोन गावांना मिळालं नाही. एरवी यावरून होणारी भांडणंही झाली नाहीत, आणि मजा गेली म्हणून काही गावांनी तक्रार केली. मग धान कापायचं हार्वेस्टर भाड्याने देणारा आला, मग एक मंडपवाला. आणि मग नागपूरची एक कूलर बनवणारी कंपनी आली.

कूलर कंपनीने मे महिना तपासणीसाठी दिला. तक्रारींचे फोन फुलचूरला येतील, गुंजनची माणसं ते घेतील. जमलं, तर विदर्भातल्या त्यांच्या सगळ्या शाखांना हेच सॉफ्टवेअर, आणि फोन घेणारी पोरं-पोरी गोंदियातलीच. नाही जमलं, तर पीयूष जूनमध्ये पुण्याला नोकरीवर जाणार होता. पीयूष म्हणजे गोंदियाच्या कापड दुकानदाराचा मुलगा; अर्धं सॉफ्टवेअर त्याच्या डोक्यात होतं आणि ते डोकं घेऊनच तो जाणार होता.

"मैं नहीं गया तो पापा साड्या दाखवायला बसवतील," तो म्हणायचा. पुण्याची त्याला हौस नव्हती, साड्यांची धास्ती होती.

गुंजनने ठरवलं होतं की कंपनी फुलचूर सोडणार नाही आणि पीयूषही सोडणार नाही. ठरवण्यात ती वाकबगार होती. अडचण फोन उचलण्यात होती.

फोन उचलायला मंजू आणि हिमांशू होते. कूलर कंपनीने त्यांना बोलायचं सगळं छापून दिलं होतं. पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, कूलर बंद पडलेला माणूस फोनवर जे पहिलं वाक्य बोलतो, त्याच्यापुढे छापील काही टिकत नाही. मंजू गप्प व्हायची. हिमांशू घाबरून आधीच माफी मागायचा, कधीकधी फोन लागण्यापूर्वी.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. तिसऱ्या माणसाला संभाषण ऐकता येई, आणि एक बटण दाबून फक्त मंजूच्या कानात कुजबुजता येई. ग्राहकाला ऐकू जात नसे. म्हणजे कानात बोलणारा कोणीतरी हवा होता. गुंजनला तिचा मामा आठवला.

दुधराममामा झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत विंगेत बसून ते रात्रभर राजांना, खलनायकांना, विधवांना वाक्यं पुरवत. या दिवसांत त्यांना फार मान असे. उरलेलं वर्ष ते रुख्मामामीचे नवरे असत.

"नट काही करत नाही, गुंजा," मुलाखतीत त्यांनी गुंजनलाच समजावलं. "नट फक्त उभा राह्यते. नाटक मी करतो."

पहिला फोन देवरीहून आला. "तुमचा कूलर म्हंजे डब्बा होय डब्बा," माणूस ओरडला.

मामांनी मंजूच्या कानात वाक्य सोडलं आणि मंजूने ते आहे तसं उचललं, "दादा, तुमच्या शब्दांनी माझं काळीज विदीर्ण झालं. थोडं थांबून, आवाज ओला."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग तो माणूस म्हणाला, "बरं बाई, थांबतो मी. तुझा आवाज होऊ दे ओला."

अभिनयाच्या सूचना मोठ्याने वाचायच्या नसतात, हे मंजूला शिकवायला दुपार गेली. पण काम रुळावर आलं. आठवडाभरात मामांना आणखी एक बटण सापडलं. ते दाबलं की त्यांचा आवाज मंजूलाही जाई आणि ग्राहकालाही.

"मामा, ते दाबायचं नाही," पीयूष म्हणाला.

"काऊन? एका पात्राले वाक्य द्यावं आन दुसऱ्याले उपाशी ठेवावं? असं कोठं नाटक असते?"

त्यांनी दाबलं. आमगावचा एक जण बोलत होता, "कूलर पानी फेकते, हवा नाही फेकत, मी म्हनतो..." आणि श्वास घ्यायला थांबला. तेवढ्यात त्याच्या कानात भारदस्त, समजूतदार आवाज उतरला, "पण यात तुमची चूक नाही, ताई. यंत्र आहे, थकणारच. माझं पूर्ण समाधान झालं आहे."

"पन यात तुमची चूक नाही, ताई," आमगावचा माणूस म्हणाला. "यंत्र होय, थकनारच. माझं पूर्ण समाधान झालं आहे." आणि त्याने फोन ठेवला.

हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात घडलं नसतं. पण इथे प्रत्येक गावात अर्धी माणसं एकदा तरी मांडईच्या नाटकात उभी राहिलेली, आणि उरलेली अर्धी समोर बसलेली. विंगेतून वाक्य आलं की ते घ्यायचं, एवढं सगळ्यांना कळतं. खरं आहे का, हे विचारायची ती वेळ नसते.

तक्रारी धडाधड बंद व्हायला लागल्या. पीयूषने सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. "बग है," तो म्हणाला. थोडा वेळ पडद्याकडे पाहून पुढे म्हणाला, "पर अच्छा बग है. रहने दे."

गुंजनने राहू दिलं. नागपूरहून कूलर कंपनीच्या भुपेंद्रसाहेबांचा फोन आला. आकडे पाहून ते इतके खूश होते की त्यांना शंका आली होती. गुरुवारी ते स्वतः येऊन ऐकणार होते.

बुधवारी धुरपताबाई आल्या. सोबत ठेल्यावर कूलर होता. बाई मुर्रीत ब्लाऊज शिवत. मंजूही मुर्रीचीच, त्यामुळे फोनवर आवाज ओळखून त्या थेट पोचल्या होत्या. ठेलेवाल्याकडून त्यांनी कूलर वर चढवून घेतला आणि गुंजनच्या टेबलासमोर ठेवून त्याच्याशेजारी बसल्या.

गुंजनने पडद्यावर पाहिलं. "काकू, तुमची तक्रार तर बंद आहे. तुमीच सांगितलं, समाधान झालं म्हनून. तीनदा सांगितलं."

"सांगितलं ना," धुरपताबाई म्हणाल्या. "तो मानूस सांगून राह्यला होता, मी बोलत गेली. बोलून चांगलं वाटे. फोन ठेवला का पुन्हा गरमी."

"मंग तेव्हाच नाही म्हनायचं."

"अवो, एवढ्या चांगल्या आवाजात कोनी सांगून राह्यला तर नाही कसं म्हनू? माह्या घरच्यानं बी कधी एवढ्या चांगल्या आवाजात सांगितलं नाही." त्यांनी पदराने मान पुसली. "मोटर जळली आहे. चालू होतपर्यंत मी बसतो इथंच."

गुंजनने धुरपताबाईंचे तिन्ही फोन लावून ऐकले. आधी मामांचा आवाज, मागून बाईंचा. माझं पूर्ण समाधान झालं आहे, असं त्या म्हणत होत्या आणि शब्दाशब्दाला धापा टाकत होत्या.

"पीयूष, दुसरं बटण आपण बंद करू."

"कल के बाद. उद्या साहेब जाऊ दे, मग बंद कर, तोडून टाक."

"उद्याच्या भरवशावर कंपनी उभी केली, तर जूनमध्ये लोक कूलर घेऊन रांगेनं येतील. आपला जिना अरुंद आहे."

"आणि आज बंद केलं तर उद्या साहेबांना काय ऐकवशील? मंजूचं मौन?"

यात तथ्य होतं. गुंजन बराच वेळ कूलरकडे पाहत बसली. धुरपताबाईही कूलरकडेच पाहत होत्या. कूलर मख्ख होता. मग गुंजन उठून मामांकडे गेली. खोटं बोलायला लावलं, असं म्हणून उपयोग नव्हता; मामांच्या मते विंगेतून जे येतं ते खरं-खोटं नसतं, चांगलं-वाईट असतं.

"मामा, तुमचा ग्राहक कमजोर पडला."

"म्हंजे?"

"त्याच्या तोंडी एक बी दमदार वाक्य नाही. जो येते तो माफ करून जाते. असं पात्र तुमच्या नाटकात लोक चालू देतीन काय?"

मामांचा चेहरा पडला. दोनदा काही बोलायला गेले, पण त्यांना वाक्य मिळेना. शेवटी प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही देनार. गोटे मारतीन."

"मंग उद्यासाठी नवीन लिवा."

गुरुवारी भुपेंद्रसाहेब आले. इस्त्री कडक, मराठी त्याहून कडक. ते मूळचे साकोलीचे होते, पण ही गोष्ट त्यांनी नागपुरात कोणाला कळू दिली नव्हती. गुंजनने त्यांना आधीच सांगितलं, "सर, आमच्याकडं ग्राहकाला पन वाक्य दिलं जाते." त्यांना ती बोलण्याची पद्धत वाटली. त्यांनी हेडफोन चढवला, गुंजननेही एक चढवला.

पहिला फोन जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या एका म्हाताऱ्याचा. "बेटा, थो कूलर जरासा..."

"जरासा नाही," मामांचा आवाज घुमला. "पूर्ण बंद आहे. आणि मेकॅनिक माझ्या दारात उभा राहिल्याशिवाय मी हा फोन ठेवणार नाही."

म्हाताऱ्याने घसा साफ केला. मग त्याने ते वाक्य असं उचललं की खाली मिलमधल्या हमालाने मान वर केली. शेवटी त्याने स्वतःचंही जोडलं, "आन चहा पन देनार नाही त्याले."

दुसऱ्याने तेच केलं, तिसऱ्याने त्याच्या वरचं. कोणीही फोन ठेवेना. रांग साचत चालली. भुपेंद्रसाहेबांनी पडद्यावर पाहिलं. "मॅडम, हे काय आहे? एकही तक्रार बंद होत नाहीये. आधी तर होत होत्या."

"आधी आम्ही ग्राहकांना समाधान झाल्याचं वाक्य देत होतो, सर. कूलर बंदच होते. चूक आमची आहे, रेकॉर्डिंग तुम्हाला देते. आता त्यांना त्यांचं वाक्य दिलं आहे. कोणाचा कूलर, कोणत्या गावात, काय बिघडलं, सगळं या रांगेत आहे. मेकॅनिक गेला की फोन आपोआप कमी होतील. हे सॉफ्टवेअर तेच सांगू शकते. दुसरं सांगायला लावलं तर तेही सांगते, पण ते मी तुम्हाला विकणार नाही."

कोपऱ्यात पीयूषने डोळे मिटून घेतले. त्याला साड्या दिसायला लागल्या असाव्यात.

"ग्राहक असं पाठ करून बोलत नाहीत," साहेब म्हणाले. "यांना तुम्ही चढवलंय."

तेव्हा धुरपताबाईंनी मंजूच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर घातला. आता बाई आणि साहेब एकाच फोनवर, समोरासमोर, मधे कूलर. दुधराममामा खुर्चीत सावरून बसले. असा प्रवेश त्यांना कित्येक हंगामांत मिळाला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, पण बाईंना वाक्याची गरज पडली नाही.

"साहेब, तुमच्या घरचा कूलर चालू आहे?"

साहेबांनी छापील कागद उलटून पाहिला. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.  रांगेतलेही सगळे कान लावून होते, कारण मामांनी एव्हाना तिसरं बटण शोधलं होतं आणि आता सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं. भुपेंद्रसाहेब तसेच उभे होते, आणि वाक्य आठवत नसलेला माणूस उभा राहिला की मामांना राहवत नसे. हलक्या आवाजात त्यांनी आधार दिला, "उद्या सकाळी मेकॅनिक पाठवतो. मान खाली."

साकोलीच्या मांडईत आठवीतला भुपेंद्र एकदा शिपाई झाला होता. हे त्याने विसरायचा प्रयत्न केला होता, पण मानेने नव्हता केला.

"उद्या सकाळी मेकॅनिक पाठवतो," साहेब म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

गोरेगावच्या म्हाताऱ्याने "बरं," म्हणून फोन ठेवला. मग आमगावने, मग देवरीने. पडद्यावरची रांग एकेक करून ओसरली.

साहेब बाहेर गॅलरीत गेले आणि नागपूरशी बोलले. काचेतून फक्त हात दिसत होते. हात साकोलीचे झाले होते. आत आल्यावर त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आणि करार...," मामांनी सुरुवात केली.

"मामाजी, थांबा," साहेब म्हणाले. "येवढं माहं मी बोलतो." ते गुंजनकडे वळले. "मॅडम, सगळ्या शाखांना हे सॉफ्टवेअर बसवू. मेकॅनिक गेला की नाही, हे त्यात दिसलं पाहिजे. ग्राहकानं सांगितल्याशिवाय तक्रार बंद व्हायला नको, आणि त्याच्या कानात तेव्हा कोणी नको."

"मी दिवाळीपर्यंतच आहो," मामांनी लगेच स्पष्ट केलं. "पुढं सीझन."

पीयूषने डोळे उघडले. मंजू हिमांशूकडे बघून हसली, हिमांशूने सवयीने माफी मागितली. आणि गुंजनच्या कानात तो भारदस्त आवाज उतरला, "साहेब, आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. डोळ्यांत पाणी, हात जोडून."

गुंजनने हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

"मुर्रीला मेकॅनिक किती वाजता येते," ती म्हणाली, "ते आधी सांगा."