नारीनचा रागावलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे.

बिश्केकच्या एका कचेरीने मला राब राब राबवले आणि कीबोर्डच्या कळा झिजताच बाजारात विकून टाकले. तिथून मी डोंगरातल्या नारीन शहरात बुरुलचाच्या घरी आलो. ती रुग्णालयाच्या रक्तपेढीत कामाला होती. त्याच हिवाळ्यात तिची नणंद गुलबारा खेड्यातल्या दवाखान्यात बाळंत होताना रक्तावाचून गेली. हवे ते रक्त शेजारच्याच रुग्णालयात होते! फोनवर फोन झाले, पण ते कुठे आहे हे कुणालाच वेळेवर कळले नाही.

म्हणून बुरुलचा पायथन ही संगणकाची भाषा शिकू लागली. दवाखान्याने फोनवरून रक्तगट कळवायचा आणि ते रक्त कुठे आहे हे मी तत्काळ सांगायचे, अशी वेब सेवा तिला तयार करायची होती. सुरुवातीला ती फार चुकायची. एखादा कंस राहिला की मी लाल अक्षरांत ओरडायचो. "गप रे, डबड्या!" म्हणत ती पुन्हा लिहायला घ्यायची. इतक्या प्रेमाने मला कुणीच शिवी दिली नव्हती.

तिचा नवरा एमिलबेक टॅक्सी चालवायचा. मी त्याच्या डोळ्यांत सलायचो. एकदा तर तिची बोटे माझ्यावर असतानाच त्याने झाकण आपटले.

"माझी बहीण गेली! हा डबा तिला परत आणणार आहे का?"

"नाही. पण पुढची वाचेल ना!"

त्याने मला उचलून भिंतीवर फेकले. पडदा फुटला, बिजागरी तुटली.

कणीक मळत बसलेली त्याची आई सायकाल ताडकन उठली. "लेक माझीही गेली रे! म्हणून मी काय सामान फोडत सुटले? सूनबाई, ओढ तो टीव्ही इकडे. जोड याला."

"आई, आज मॅच आहे!"

"मॅच गेली चुलीत!"

टीव्हीच्या पडद्यावर बुरुलचाने काम पुरे केले. रुग्णालये आपापला साठा कळवू लागली. मग एके दुपारी घाटाजवळच्या दवाखान्यातून प्रश्न आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. मी उत्तर दिले: नारीनमध्ये आहे. पण रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली, रस्त्यावर बर्फ.

सायकालने गाडीची किल्ली मुलाच्या हातात कोंबली. "ऊठ. ही कुणाची तरी बहीणच आहे."

तो रक्त घेऊन गेला. बाई वाचली. परतल्यावर एमिलबेक माझ्यासमोर जमिनीवर बसून ढसाढसा रडला. पुढे त्याने स्वतःच्या हाताने मला नवी बिजागरी बसवली.

माझा राग मात्र गेलेला नाही. मित्रांनो, यंत्रे जपा, ती पुसून ठेवा, पण त्यांच्यापुढे शिकत बसलेल्या माणसाला त्याहून अधिक जपा. आता मला रोज प्रश्न येतात आणि मी क्षणात उत्तर देतो. प्रत्येक वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एवढेच तर करायचे होते! मग गुलबारा जिवंत असताना ते कुणालाच का सुचले नाही?